खोड गाडीची

बाबांची जुनी स्पोर्ट्स कार दहादा सेल्फ मारला तरी जेमतेम धडधडायची आणि काळा धूर ओकून बंद पडायची. जवळच्या मनीमाजऱ्याचा गाड्या दुरुस्त करणारा मिस्त्री दर वेळी म्हणायचा, "पुरानी गाडी है जी, रहने दो." पण सुट्टीवर चंदीगडला आलेला हेरंब हट्टाला पेटला. प्लग बदलले, फिल्टर बदलला, आणि आज दोष हाती लागला. तापमानाच्या सेन्सरच्या वायरमध्ये कुणीतरी मुद्दाम एक रेझिस्टर जोडला होता. त्यामुळे इंजिनाला कायम कडाक्याची थंडी भासायची आणि ते भसाभसा पेट्रोल ओढायचं. त्याने तो उपटून फेकला आणि वायर पुन्हा सरळ जोडली. किल्ली फिरवताच गाडी गुरगुरली.

एअरफोर्समधून निवृत्त झालेल्या बाबांनी त्याची पाठ थोपटली. "शाबास! कुठल्या स्क्वाड्रनचा तू?"

त्यांच्या थट्टेवर हसत, गाडी बंद करून हेरंब वर आला. "आई, त्या मिस्त्रीनेच गडबड करून ठेवली होती. केली दुरुस्त!"

कणीक मळणारे आईचे हात थांबले. "मीच करायला लावली होती रे. तुला काळजी नको म्हणून बोलले नाही. या सरळसोट रस्त्यांच्या गावातही ह्यांना हल्ली आपलं घर सापडत नाही. किल्ली लपवली की लहान मुलासारखे रडतात. गाडीच सुरू झाली नाही, तर निदान दोष गाडीचा असतो."

हेरंबने खिसे चाचपले. किल्ली गाडीलाच राहिली होती.

खाली इंजिन पहिल्याच सेल्फला सुरू झालं.