रोजची आंबील

अंगाखालचं केळीचं पान चिकटलंय का, हे पाहायला कल्पनानं नवऱ्याचा खांदा अलगद उचलला. पान सुटं निघालं. तिनं तेलाचा हात फिरवलेलं नवं पान खाली सरकवलं.

दामोदरला चादर सोसत नव्हती. पेम्फिगस. अंगभर फोड येत, फुटत, आणि कातडी कापडाला चिकटून निघे. मोठ्या डॉक्टरांनी कल्पनाला समजावलं होतं, "हा रोग जात नाही, गोळ्यांनी दबून राहतो. गोळ्या एकदम बंद केल्या तर जिवावर बेतेल."

पण गोळ्यांनी दामोदरचं तोंड सुजलं. निपाणीहून आलेल्या त्याच्या आईनं, भागुबाईंनी, शपथ घातली, "पुन्हा ते विष घेतलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील." गावच्या वैद्याचा लेप सुरू झाला. कारखान्यात इंजिनिअर असलेल्या दामोदरनं आईपुढं मान तुकवली.

तेव्हापासून कल्पना गोळ्या कुटून त्याच्या रागीच्या आंबिलीत घालत होती. कडू लागू नये म्हणून गूळ जास्त. पानं आणायला म्हणून ती के. आर. पुरमच्या बाजारात जाई आणि तिथून बस धरून शहरातल्या औषधाच्या दुकानात. पानवाली कानडीत चेष्टा करायची, "अक्का, तुमच्या घरी रोजच लग्न असतं का?"

फोड सुकले. नवी कातडी धरली. दामोदर चादरीवर झोपू लागला.

"आईच्या लेपानं वाचवलं," तो शेजारच्या गुरुराजला सांगे. तो कामावर जायला लागला की सारं सांगायचं, असं कल्पनानं ठरवलं होतं.

तो कामावर रुजू झाला त्याच संध्याकाळी त्यानं तिला समोर बसवलं.

"हे सगळं लग्नानंतरच सुरू झालं," तो तिच्याकडे न पाहता म्हणाला. "वैद्यबुवाही तेच म्हणतात. तुझा पायगुण. उद्याच्या गाडीनं माहेरी जा."

"किती दिवस?"

"परत यायचं नाही."

गोळ्यांचं सांगावं, तर आईच्या शपथेपायी तो त्या फेकून देणार. न सांगता जावं, तर तो पुन्हा केळीच्या पानांवर. कदाचित त्याहून वाईट.

रात्रभर तिनं विचार केला. एकच माणूस उरलं होतं. सकाळी ट्रंक दाराशी ठेवून ती स्वयंपाकघरात गेली.

"आत्याबाई, मला घालवा, माझं काही म्हणणं नाही. पण एवढं ऐका. त्यांच्या आंबिलीत मी..."

"दोन गोळ्या. बारीक कुटून." भागुबाई शेगडीवरचं पातेलं ढवळत राहिल्या. "पहिल्या दिवसापासनं बघतेय की मी. बाटली संपत आलीय. दुकान कुठलं, तेवढं सांगून जा."