तळमजल्यावरचा डबा

पोहून आली की बायको ताटावर तुटून पडायची. इन्सुलिन घेणाऱ्या बाईने एवढं खावं, हे शिंप्याला पटत नसे. "पोहून कमावलंस, खाऊन घालवलंस!" असा टोमणा तो रोज मारायचा. शेवटी ती म्हणू लागली, "आज भूकच नाही हो." त्याला बरं वाटलं. एकदा कौतुकाने दुकान लवकर बंद करून तो तिला तलावावरून आणायला गेला. घरी येताना जिन्यातच ती कोसळली. साखर फार उतरली होती. ती वाचली नाही.

आठवड्याने तळमजल्यावरच्या मावशी एक डबा घेऊन आल्या.

"तिची बिस्किटं. रोज वर जाण्याआधी माझ्याकडे बसून खायची. त्या दिवशीही मी दार उघडून उभी होते, पण बरोबर तुम्ही होतात."