बंद पडद्यावरची रेघ

“उभी रेघ,” समोरच्या पडद्याकडे बघत दिगंबरकाका लगेच म्हणाले. डोळ्यात कृत्रिम दृष्टीची चकती बसवून त्यांना चार महिने झाले होते.

त्या चकतीने पाहायला त्यांना शिकवणारी मीनल थांबली. “काका, पडदा बंद आहे.”

काकांचा चेहरा उतरला. “पहिल्या दिवसापासून अंदाजानेच सांगतोय गं. बाहेर बायको बसलीय. आज काय दिसलं, म्हणून रोज विचारते. तिला काय सांगू?”

“पण तुमच्या उत्तरांवरूनच मी यंत्राची मापं ठरवत गेले!” तिने सगळी जुनी मापं पुसली, पडदा सुरू केला आणि नवी मापं लावून एकेक आकार दाखवू लागली. “आता फक्त खरं सांगा.”

“काही नाही... काही नाही...” सतराव्यांदा सांगताना ते रडकुंडीला आले.

अठराव्या वेळी म्हणाले, “डावीकडे ठिपका. पण माझा भरवसा धरू नकोस, पोरी. पुन्हा दाखव.”

मीनलने न सांगता ठिपका सरकवला. काकांचं बोट हळूहळू त्याच्यामागे गेलं.