धोतर वाळेपर्यंत

लॅपटॉपवरची हिरवी रेघ पुन्हा खाली बसली. कालही बसली होती, परवाही. सकाळचं ऊन पाण्याच्या टाकीवर आलं की हिनं मान टाकलीच.

त्रिशला निपाणीतल्या घराच्या गच्चीवर मांडी घालून बसली होती. समोर तिवईवर तिनं स्वतः आखलेला अँटेना होता. काडेपेटीएवढी पाटी, आणि तिच्यावर उडदाच्या डाळीएवढे तांब्याचे चौकोन. तसाच दुसरा गल्लीपलीकडच्या तंबाखूच्या वखारीवर बसवला होता. तो लहर पाठवायचा, हा झेलायचा. झेलली की रेघ वर, सुटली की खाली. उद्याच्या मोबाईलसाठीच्या या लहरी बोटाच्या पेराहून तोकड्या आणि भारी नखरेल. वाटेत जरा काही आलं की रुसल्याच.

फोनवर बेळगावहून तिचे साहेब होते, अमरदीप सर.

"त्रिशला, दुपारपर्यंत वाट बघतो. नाहीतर तुमचं डिझाइन बाजूला ठेवून दुसरं छापायला पाठवावं लागेल. मला पाटीतच दोष वाटतोय. उन्हात तापत असणार."

"पण सर, संध्याकाळी हीच पाटी नीट चालते."

"संध्याकाळी गार होते म्हणून."

उत्तर बिनतोड होतं, म्हणूनच तिला जास्त राग आला. त्या चौकोनांच्या कडा केसाकेसानं सरकवण्यात तिची दोन वर्षं गेली होती. पाटी चांगली आहे हे तिला आतून माहीत होतं, पण आतून माहीत असलेलं सरांना दाखवणार कसं? पाटीवर आईची छत्री धरून झाली होती. वायरी बदलल्या, जोडांना पुन्हा डाग दिले, शेजारच्या नारळाची एक झावळीसुद्धा तोडून घेतली. रेघ काही ऐकेना.

"समोरची वखार इथनं दिसतीया की गं," तिचे वडील, आप्पा, जिन्याच्या तोंडाशी उभे राहून म्हणाले. "मग अडतंय कुठं?"

"त्येच तर कळंना झालंय, आप्पा."

आप्पा, म्हणजे बाबगोंडा पाटील, रोज पहाटे बस्तीत, म्हणजे जैन देवळात, देवाच्या अभिषेकाला जात. त्यासाठीचं धोतर मडीचं, सोवळ्यातलं. घरी आले की ते धुऊन गच्चीवरच्या उंच बांबूवर काठीनं वाळत घालायचं आणि वाळलं की काठीनंच उतरवायचं. मध्ये कुणी शिवायचं नाही. त्यामुळे ते वाळलं की नाही हे हात लावून बघायची सोयच नव्हती. सगळा नजरेचा अदमास, आणि तो चुकला की आप्पा ओलसर धोतर नेसून थंडीत कुडकुडत बस्तीत.

त्रिशलेला पाळण्यातून उतरल्यापासून शिकवलेलं, त्या धोतराला वळसा घालून जायचं. ती इतकी वर्षं वळसा घालत आली की आता तिचे डोळेसुद्धा वळसा घालायचे. चार दिवसांत तिनं गच्चीवरची टाकी तपासली, डिश तपासली, तारा तपासल्या. बांबूवर पांढरं काहीतरी लोंबतंय हे तिच्या हिशेबातच नव्हतं.

गल्लीतून वाऱ्याची झुळूक आली आणि धोतर बाजूला उडालं. रेघ टुणकन वर. धोतर खाली आलं, रेघ खाली.

त्रिशला ताडकन उठली. "आप्पा! तुमचं धोतर!"

आप्पा झपाट्यानं पुढं आले. "शिवलीस काय गं?"

"न्हाय शिवले! पर मधी त्येच हाय. वल्लं हाय म्हणून लहर अडतीया. सांजंला वाळल्यालं असतंय, मग जाऊ देतंय."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! तिला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं.

आप्पा मात्र गंभीर झाले होते. "म्हंजे तुजी लहर रोज माझ्या मडीला शिवतीया?"

"लहर म्हंजे उजेडाचीच भन, आप्पा. उजेड पडतोयच की धोतरावर. त्येचा इटाळ हुतोय व्हय?"

आप्पांनी धोतरावरच्या उन्हाकडे बघितलं. ते पटलं असावं, कारण त्यांनी कोपऱ्यातली काठी उचलली. "थांब, सरकावतो तिकडं."

"नगा, नगा! ऱ्हाऊ द्या तिथंच. वाळू द्या."

तिनं लॅपटॉपचा पडदा सरांना फोनवर दाखवायला घेतला. वारा पडला होता. ऊन चढत होतं, आणि उन्हाबरोबर रेघही मुंगीच्या पावलानं चढत होती.

"पाटी तापतेय ना उन्हानं?" शेवटी सरांनी विचारलं. "मग रेघ वर कशी चालली?"

"सर, मध्ये ओलं धोतर आहे. ते वाळतंय."

पलीकडून मोठं हसू आलं. "राहू दे मग दुसरं डिझाइन. तुमचंच पाठवतो छापायला. पण घरोघरी कपडे वाळत घालतात हो. त्याचं काहीतरी बघायला लागेल."

"बघते सर," त्रिशला म्हणाली. तिला नेमकं तेच बघायचं होतं. सुती किती अडवतं, लोकर किती, पिळून घातलं तर किती. डोक्यात प्रश्नांची रांग लागली होती, आणि चार दिवसांत पहिल्यांदाच तिला भूक लागली.

खालून आईची हाक आली. "अवो, आभाळ आल्यागत वाटतंय. धोतर वाळलं काय?"

आप्पांनी सवयीनं मान वर करून धोतराकडे बघितलं. डोळे बारीक केले. मग हातातली काठी भिंतीला टेकवली, गुडघ्यांवर हात ठेवून वाकले आणि लॅपटॉपवरची हिरवी रेघ नीट निरखली.

"दम धर गं," ते खाली ओरडले. "अजून जरा वल हाय."