चार नंबरची खाट

डॉक्टरकीची शेवटची परीक्षा. चार नंबरच्या खाटेवरच्या माणसाची छाती सकाळपासून पाच जणांनी तपासली. तोंडाकडे एकानेही पाहिलं नाही. स्टेथोस्कोप टेकवला न टेकवला तोच पाचही जणांनी परीक्षकांना ठोकून दिलं, "सर, हृदयाची झडप गळतेय." कोणत्या खाटेवर कोणता आजार, हा पेपर आदल्या दिवशीच फुटला होता. एका दीडशहाण्याने तर गळक्या झडपेचा आवाज तोंडाने काढूनही दाखवला. खाटेवरचा माणूस मनात म्हणाला, वा रे डॉक्टर!

सहाव्या नंबरवर एक मुलगी आली. तिने बराच वेळ ऐकलं, कूस बदलायला लावून पुन्हा ऐकलं. "सर, काहीच सापडत नाही. काकांचं हृदय ठणठणीत आहे."

"कान घरी विसरून आलीस का?" परीक्षकांनी स्वतः स्टेथोस्कोप लावला, डोळे मिटून मान डोलावली. "बहिऱ्यालाही ऐकू येईल हे! नापास."

मुलगी डोळे पुसत गेली. परीक्षक हात धुवायला वळले. खाटेवरचा माणूस उठला आणि त्याने आपला वॉर्डबॉयचा खाकी शर्ट चढवला. खरा पेशंट पहाटेच वारला होता. त्याला शवागारात पोचवून हा परत आल्यावर, परीक्षेला खाट रिकामी दिसायला नको म्हणून सिस्टरनी यालाच तिथे झोपवलं होतं.

त्याने टॉवेल पुढे केला. "साहेब, चार नंबरचा पेशंट वारला."

परीक्षकांनी वर न बघताच हात पुसले. "वाटलंच मला. आवाजच तसा होता."