पहिल्या रांगेतल्या सासूबाई

सासूबाईंचा हात मनगटापर्यंत सुनेच्या मेकअपच्या पेटीत होता. सून आंघोळ आटोपून दारात येऊन उभी राहिली, तरी तो बाहेर आला नाही. दुसऱ्या हातात त्यांनी एक डबी उघडून नाकाशी धरली होती.

"काही हवंय का, आई?"

"सुई शोधत होते," सासूबाई म्हणाल्या आणि डबी बंद करून जागच्या जागी ठेवली.

मेकअपच्या पेटीत सुई!  कुठेतरी पाणी मुरतंय, एवढं सुनेला कळलं.

सून नाटकात काम करायची. दुसऱ्या अंकाच्या शेवटी बापाच्या रिकाम्या खुर्चीपाशी बसून तिला रडायचं असे. ती अशी रडे की शेवटच्या रांगेतून नाकं ओढल्याचे आवाज येत. त्याच बाईच्या डोळ्यांत चार महिन्यांपूर्वी, सासरे गेले तेव्हा, पाण्याचा टिपूस आला नव्हता. हॉस्पिटलचे कागद, फोन, येणाऱ्या-जाणाऱ्यांचा चहा, सगळं तिने कोरड्या डोळ्यांनी उरकलं. सासूबाईंनी मात्र असा गळा काढला होता की खालच्या मजल्यावरची माणसं धावत वर आली. "तिकीट लावलं असतं तर हीसुद्धा रडली असती," नणंद दारात चपला घालताना म्हणाली होती. हळूच म्हणाली, पण ऐकू जाईल इतपतच हळू.

पेटीनंतर पाळी आली रुमालांची. धुवायला टाकलेला प्रत्येक रुमाल सासूबाई हुंगून बघत. मग त्यांनी नातीला गाठलं. "तुझी आई डोळ्यांत काय घालते गं?" नात म्हणाली, "चष्मा." तिथे काही हाती लागलं नाही.

मग त्या थेट प्रयोगालाच येऊ लागल्या. जन्मात कधी नाटक न बघितलेली बाई सलग तीन रविवार पहिल्या रांगेत. आजूबाजूला लोक डोळे पुसत आणि या, भाजीवाल्याच्या तराजूवर ठेवावी तशी नजर सुनेच्या तोंडावर रोखून बसत.

सुनेचं धाबं दणाणलं. रविवारी नवरा घरी असे, पण एरवीच्या तालमी, परगावचे प्रयोग, सगळं सासूबाईंच्या जिवावर चाललेलं. नातीला त्याच सांभाळत. उद्या त्या "पुरे झालं आता" म्हणाल्या की हिचं नाटक संपलंच. आणि चोराच्या मनात चांदणं, म्हणतात ना. पेटीत काही नव्हतं, पण लपवण्यासारखं तिच्याजवळ होतं.

तिसऱ्या रविवारी पडदा पडला आणि सासूबाई सरळ मेकअपरूममध्ये शिरल्या. "जरा बाहेर थांब रे बाबा," असं मेकअपवाल्याला सांगून त्यांनी दार लावून घेतलं.

"काय लावतेस डोळ्यांना?"

"काही नाही, आई. शपथ."

"तुझ्या पेटीतला बाम मी लावून बघितला. नुसती आग होते. कांदा तर रोजच चिरते. मग करतेस काय?"

सून आरशाकडे पाठ करून उभी राहिली. खोटं बोलण्याचं बळ तिच्यात उरलं नव्हतं. ते सगळं दुसऱ्या अंकात खर्ची पडलं होतं.

"बाबांना आठवते," ती म्हणाली. "शेवटच्या दिवशी तुम्ही हॉस्पिटलचा जिना चढत होता. बाबांनी पावलं ओळखली तुमची. बोलता येत नव्हतं, नुसता डोक्याकडे हात नेत होते. मला वाटलं, दुखतंय. मग कळलं, केस विंचरून मागतायत. केस ते केवढे उरलेले! मी भांग पाडला, तर मान हलवली. या बाजूने नको, त्या बाजूने. तुम्हाला आवडतो तसा."

सासूबाई हलल्या नाहीत.

"ती खुर्ची दिसली की मला तेवढंच दिसतं. त्या दिवशी कामं होती, रडले नाही. आणि आता त्यांच्या जिवावर टाळ्या घेते. मला ठाऊक होतं, तुम्ही पकडणार. सांगून टाका, आई. सोडू का नाटक?"

सासूबाई चाचपडत स्टुलावर बसल्या. दिव्यांच्या उजेडात त्यांचा चेहरा ठणठणीत कोरडा होता.

"इतक्यात नको," त्या म्हणाल्या. "आधी मला शिकव."

"काय?"

"त्या दिवशी मी नुसता आवाज काढला गं. पंचेचाळीस वर्षांचा संसार, आणि अजून एक थेंब आलेला नाही."