सैल दांडी

“सहा महिन्यांत मान टाकली लेकाच्यानं!” फोरमननी सिंकवरचा नवा नळ पान्यानं सोडवला आणि बायकोच्या नाकासमोर धरला. “बघ. वरून नवरदेव, आतून प्लास्टिक. दांडी तर फुंकर मारली तरी हलते. असला माल आमच्या वर्कशॉपातून बाहेर पडला असता, तर आधी मी बाहेर पडलो असतो.”

“पडलात की, रिटायर होऊन.” गेल्या वर्षी उजव्या अंगावरून वारं गेलं तेव्हापासून तिचं तोंड तेवढं पूर्वीसारखं चालत होतं. डाव्या हाताची बोटं संधिवातानं आधीच आखडलेली.

नवा नळ कचऱ्याच्या डब्यात गेला. त्याच्या जागी माळ्यावरून उतरवलेला, घासूनपुसून सोन्यासारखा केलेला पितळी नळ बसला.

“आटे बघ, आटे! आपल्या लग्नाहून जुना. थेंब गळत नाही.”

“लग्नही गळत नाही. कुरकुरतं तेवढं.”

फोरमन खूश होऊन हात धुवायला न्हाणीघरात गेले. साबण लावतायत तोच स्वयंपाकघरातून हाक आली.

“अहो, जरा पाणी देता?”

त्यांचे हात तसेच थांबले. हे वाक्य त्यांनी सहा महिन्यांत ऐकलं नव्हतं.

ते आले तेव्हा ती सिंकशी उभी होती. आत रिकामा पेला. पितळी चावी मनगटानं ढकलून मनगट लाल झालेलं, आणि चावी ढिम्म.

“इतके दिवस कशी घेत होतीस?”

“कोपरानं. तो बिचारा नुसतं टेकलं तरी सुटायचा.”

फोरमननी डब्यात हात घातला, नळावरची कांद्याची सालं झटकली आणि पुन्हा पाना उचलला. नळ जागेवर बसला आणि लगेच मानेतून गळायला लागला. त्यांनी खाली एक वाटी ठेवली.

तिनं कोपर टेकलं. अर्धं पाणी पेल्यात, अर्धं बाहीवर. डाव्या तळव्यावर पेला तोलून ती उभ्याउभ्याच प्यायली, सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत.

“हा पुन्हा मान टाकणार हं,” तोंड पुसत ती म्हणाली.

“टाकू दे. भलं होवो बनवणाऱ्याचं.” फोरमननी भरलेली वाटी रिकामी करून परत नळाखाली सरकवली. “उद्याच असले चार आणून ठेवतो. याहून फालतू मिळाले तर उत्तमच.”